चिमणी बुरजावर आली की

दांडी गावचे ते तांडेल होडी हाकताना फारसं बोलत नसत. मान हलली की होकार, नुसतं 'च्यक' आलं की नकार. कित्येक रविवार मी त्यांच्याच होडीतून फोटो काढत हिंडलो.

त्या दिवशी रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तारापूरचा किल्ला आणि मागची वीजकेंद्राची चिमणी मला एका रेषेत हवी होती.

"इथूनच काढू?"

"च्यक."

त्यांनी होडी वळवली आणि वल्हं खाली रोवून एका जागी धरली. कॅमेऱ्यातून बघतो तर चिमणी थेट बुरजाच्या डोक्यावर! मी थक्क झालो. फोटो निघताच त्यांनी घाईने होडी बाहेर काढली.

"तांडेल, नेमकी जागा कशी सापडली?"

"चिमणी बुरजावर आली का खाली खडक. होडी फुटते. आमी तिथं कदी जात नाय."

वल्ह्याचं टोक ताजं चिरलेलं होतं.