फाटक्या भोंग्याचा गवई

उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरून तो न दिसणारं बटण फिरवायचा आणि म्हणायचा, "वाढव ना गा अजून!" बटण आधीच शेवटच्या खुणेला टेकलेलं असायचं. माझं डोकं त्याच्याही पुढं गेलेलं असायचं.

भंडाऱ्यात माझं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, बारसं, प्रचार, गणपती, जिथं चार माणसं जमली तिथं माझा भोंगा. आणि हा जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक. डॉक्टरनं सुई टोचायची आणि यानं बैलाची शिंगं धरायची, एवढंच खरं तर काम. पण खेड्यापाड्यांत सायकल हाणत हाच जायचा, म्हणून लोक यालाच ढोरडॉक्टर म्हणत. अंगानं काडी, आवाज मात्र रेड्याचा.

सत्तरचं दशक संपत आलं असेल, तेव्हा तो पहिल्यांदा दुकानात आला. मी माझे चांगले चांगले भोंगे काढून दाखवले. त्याची नजर कोपऱ्यातल्या भंगारात टाकलेल्या एका भोंग्यावर गेली.

"हा वाजवून दाखव."

"त्याचा पडदा फाटला आहे. नुसता खरखरतो."

"मंग हाच पायजे."

मी त्याला वेड्यात काढलं. त्यानं शांतपणे पोत्यातून एक गिटार काढली. नागपुरातून जुनी घेतलेली, पोटाशी टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबक तारेनं बांधलेलं. वायर माझ्या अॅम्प्लिफायरला जोडली आणि एकदाच हात मारला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. शेजारचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला. आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून हसत होता, पोटभर जेवल्यासारखा.

नागपूरला ट्रेनिंगला असताना होस्टेलात कोणाकडं तरी परदेशी कॅसेट होती, ती त्यानं ऐकली होती. "त्या पोट्ट्याईले धड गाता नोतं येत, धड वाजवता नोतं येत," तो सांगायचा, "पर खोटं नोते बोलत गा!" बस, तेवढ्यावर हा आयुष्यभर उधळला. इंग्रजी त्याला औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरतं यायचं. म्हणून गाणी आपल्याच बोलीत केली. एक अजून माझ्या तोंडात बसलं आहे:

"डास चावे, साहेब चावे,
कोणाकोणाले मारू!"

पुढं तिसरी ओळच नव्हती. त्याच दोन ओळी तो अशा काही ओरडायचा की पाच मिनिटांनी आपल्यालाही वाटावं, खरंच, कोणाकोणाला मारावं माणसानं?

जोडीला एक पितळी भांडी ठोकणारा कारागीर होता. दिवसभर हातोडीनं पाण्याचे गुंड आणि घागरी घडवायचा. त्याचा ठोका आयुष्यात कधी चुकला नसेल. लाकडी चौकटीला दोन पराती, एक घंगाळ आणि बँडपार्टीचा जुना ढोल टांगून त्यानं आपला संसार मांडला. तो फारसा बोलत नसे. दोघांचा तालीम नावाचा धुडगूस सुरुवातीला दर रविवारी दवाखान्यामागच्या शेडात चाले. मग गवळ्यांनी तक्रार केली, की म्हशी पान्हा चोरून राहिल्या. तपासायला कोण गेलं? हाच! म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "सरकीची ढेप कमी पडून राहिली तिले." पण मनाला लागलं असावं, कारण पुढच्याच रविवारी तालीम धानाच्या गिरणीत हलली. तिथं गिरणीच्या आवाजात ब्रह्मदेव ओरडला असता तरी कोणाला कळलं नसतं.

आता त्याचं खरं दुखणं सांगतो. इतक्या वर्षांत त्याचा एकही कार्यक्रम कोणी शेवटपर्यंत होऊ दिला नव्हता. गणपतीत तिसऱ्या गाण्याला मंडळानं आरती लावली. कारध्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं वायरच उपटली. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तर स्वतः मंचावर चढले आणि राष्ट्रगीत म्हणायला लागले, म्हणजे यालाही सावधान उभं राहावं लागलं! प्रत्येक वेळी तो वायरची गुंडाळी करत मला म्हणे, "लोकाईले नाई आवडलं, चालते. पर एकदा पुरं ऐकून तं घ्या. मंग शिव्या द्या." हे तो हसून म्हणे. मला मात्र त्याच्या हसण्याचा राग यायचा. माझी वायर उपटली गेली की मी भांडायचो, हा भांडायचा नाही.

आणि मग ती मंडई आली.

आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, आणि दिवसाउजेडी खडी गंमतचा, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाचा, दुय्यम म्हणजे दोघांतला सामना होतो. आमनेसामने दोन मांडव, दोन मांडवांत दोन पार्ट्या. शाहिरानं सवाल टाकायचा, समोरच्यानं गाण्यातून जबाब द्यायचा. लोक ज्याचं आवडेल त्याच्याकडं तोंड फिरवतात. जबाब अडला, की हरला, मुकाट्यानं खाली उतरायचं. नाही अडला, तर दिवस बुडेपर्यंत उभं राहायचं.

बपेऱ्याकडच्या एका गावचे मंडई कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडं भोंगे ठरवायला आले. त्यांची एक पार्टी ऐनवेळी फिसकटली होती. "भंडाऱ्यात एखादी पार्टी हाये का जी?"

"आहे. दोनच माणसं आहेत, पण आवाज फार मोठा."

अध्यक्ष खूश. दुय्यम सामन्यात अर्धी लढाई आवाजाची. खडी गंमत येते का, हे त्यांनी विचारलं नाही. पार्टी म्हटली की ती खडी गंमतचीच असणार, दुसरी कसली पार्टी असते का जगात? आणि मीही बोललो नाही. लबाडी म्हणा, माझी ना नाही.

त्याला सांगितलं तर आधी हरखला. "दिवस बुडेपर्यंत? कोणी वायर नाई काढन?" मग चेहरा उतरला. "आपल्यापाशी सातच गाणे हायेत गा."

"तीनदा वाजव."

तर मंडळी, दुपारी मांडवात उभे राहिलो. समोर फेटा बांधलेले वयस्क शाहीर, तुणतुणं, ढोलकी, लुगडं नेसलेला नाच्या, सगळा सरंजाम. इकडं परातवाला आणि हा. शाहिरांनी गण म्हटला, लोक माना डोलवू लागले. मग आमची पाळी. यानं पहिला हात मारला आणि माझ्या डोळ्यांदेखत अख्खी गर्दी पाठमोरी झाली. आमच्याकडं उरल्या तीन म्हाताऱ्या, त्यातली एक बहिरी. म्हटलं, झालं, आजही नाही.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अगा, हा तं आपला ढोरडॉक्टर होय!"

डोकी वळली. एक शेतकरी पुढं घुसला. गाणं चालूच होतं, पण त्याला कशाचं काय? "डॉक्टर, माह्या बैलाचा खांदा सुजला, काय करू?"

याचा हात थांबला नाही. त्याच चालीत ओरडला, "जू नोको ठेवू! हळद लाव! आठ दिवस आराम दे!" परातवाल्यानं 'आराम दे'वर घंगाळ असं ठोकलं की लोक खदखदून हसले. मग काय, सवालांची रांगच लागली. शेळीचा जुलाब, गाईचं आटलेलं दूध, एका बाईनं तर सासूच्या गुडघ्याचं विचारलं. प्रत्येकाला गिटारीवर उत्तर. लोकांना वाटलं, हा नव्या पद्धतीचा दुय्यम सामना आहे. अर्धा मांडव आमच्याकडं फिरला, आणि मधेमधे साहेब-डासाचं गाणंही त्यांनी गोड मानून घेतलं. दोन-तीन जण तर म्हणायलाही लागले.

शाहीर पेटले. बरोबरच आहे. पुढं येऊन त्यांनी कडक सवाल टाकला: "स्वर्गातल्या गाईच्या तोंडात दात किती, सांग! नाई तं उतर खाली!"

माझा जीव भांड्यात पडला. गाईचे दात! रोज जो माणूस गाईच्या तोंडात हात घालतो, त्याला हा सवाल! मी खालून बोटं नाचवत खुणा केल्या, बत्तीस, बत्तीस. सगळी मंडई कान टवकारून उभी.

यानं तोंड माइकला लावलं. "खालच्या गाईचे बत्तीस! वरच्या गाईचे..." आणि तारांवर हात आपटून ओरडला, "मले नाई माहीत!"

दुय्यम सामन्यात आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मग पोरंसोरं, बायाबापड्या, सगळेच त्याच्याबरोबर ओरडायला लागले, "मले नाई माहीत! मले नाई माहीत!" तीन म्हाताऱ्यांतली बहिरीसुद्धा. मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा, बत्तीस म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

अध्यक्ष आलेच. "जबाब अडला जी. उतरा खाली." नियमाप्रमाणं त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी वायरीकडं हात नेला आणि माझी सटकली. अॅम्प्लिफायरपुढं आडवा उभा राहिलो. "माझ्या वायरीला हात लावाल तर बघा!" तो मात्र गिटार गळ्यातून काढायलाही लागला होता. नेहमीसारखा हसत.

समोरून शाहिरांचा आवाज आला. "थांबा जी अध्यक्ष."

ते स्वतः मांडवातून उतरून आमच्याकडं आले. फेटा सारखा करत माइकपाशी उभे राहिले. "चाळीस वर्सं झाली, मी हा सवाल टाकून राहिलो. याचा जबाब मलेबी नाई माहीत. समोरचा काहीबी ठोकून देते, आन् मी म्हणतो बरोबर. हा पयला मानूस खरं बोलला." मग त्याच्याकडं वळून म्हणाले, "वाजव गा बाबू. दिवस बुडेपर्यंत वाजव. माह्या ढोलकीवाल्यालेबी घे."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. भोंगा तपासायचं निमित्त करून पाठ फिरवली.

नंतरचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट गोड करता येईल. दोनेक वर्षांनी त्याची बदली लांब जंगलात झाली. तिथं विजेची लाइन नव्हती, तर गिटार काय वाजवणार? एक-दोन पत्रं आली. मग एका पावसाळ्यात तापानं गेल्याचं कळलं, तेही महिनाभर उशिरा. परातवाला दुकानात येऊन बसला. दोघांनी चहा घेतला आणि तो उठून कामावर गेला. आजही कोणी मला "आवाज कमी करा" म्हटलं की मी त्याच्याशी भांडतो.

पण मला तो त्या संध्याकाळचाच आठवतो. सातही गाणी तीन-तीनदा झाली होती. शाहिरांच्या ढोलकीवाल्यानं शर्ट काढून ठेवला होता. धानाच्या बांध्यांपलीकडं दिवस बुडाला आणि यानं शेवटचा हात मारला. भोंगा खरखरत राहिला, मग तोही गप्प झाला. घामानं निथळत तो तसाच उभा. मग वाकून मला हळूच विचारलं, "आता काय करत असतेत गा?"

तेव्हा मला कळलं, की हे याला ठाऊकच नाही. इथवर तो कधी पोहोचलाच नव्हता.

"काही नाही," मी म्हटलं. "आता लोक घरी जातात."

त्यानं मान वर करून पाहिलं. कोणीच उठत नव्हतं.