पाठीवर पडायची शिकवणी

मला पाठीवर पडता येत नव्हतं. हसू नका! तुम्हाला सोपं वाटतं, कारण तुम्ही मुक्ताईनगरकडच्या केळीवाल्या घरात, वस्ताद बापाच्या पोटी जन्माला आला नाहीत. आमच्या आखाड्यात पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, विषय संपला. त्यामुळे अंगाला लहानपणापासून एकच वळण: पडायची वेळ आली की हवेतच फिरायचं आणि पोटावर आपटायचं. नाक फुटू दे, दात पडू दे, पाठ लागता कामा नये. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे माझ्या हाडात भरलं होतं.

पुढे मला जळगावात ट्रॅक्टरच्या शोरूमला नोकरी लागली आणि शेजारच्याच गाळ्यात एमएमएचा क्लास निघाला. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं, आणि समोरचा हात आपटून ‘पुरे’ म्हणेपर्यंत चालतं. मी मोठ्या तोऱ्यात गेलो. क्लासच्या सरांनी माझ्यासमोर एक मेडिकलवाला उभा केला. हा बाबा चष्मा काढून डबीत ठेवून मग लढायचा! मी त्याला केळीच्या घडासारखा खांद्यावर घेतला आणि दाणकन उताणा टाकला. मग हात वर करून उभा राहिलो. कुणी टाळ्या वाजवेनात. खालून तो मेडिकलवाला अगदी नम्रपणे म्हणाला, “दादा, झालं का तुमचं? मग सुरू करू या?” आणि त्याने माझा पाय असा काही पिळला की मी आईच्या नावाने ओरडलो.

याला म्हणतात जिउ-जित्सू, जमिनीवर पडून हातपाय पिळायची आणि गळा आवळायची विद्या. सरांचं म्हणणं असं, की एमएमएत कुस्तीवाल्यासारखा पाडणारा दुसरा कुणी नाही, पण पाडल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आणि तो स्वतः पडला तर त्याहून वाईट. मी पडलो की सवयीने पोटावर वळायचो, आणि मेडिकलवाला माझ्या पाठीवर बसून आरामात गळा आवळायचा. रोज! सर ओरडायचे, “अरे, पाठ दे गादीला! उताणं पडून पायांनी लढ!” डोक्याला पटायचं, अंगाला पटायचं नाही. मला स्वतःचीच इतकी चीड यायची की घरी जाऊन जेवण जायचं नाही.

आबांना हे कळलं तेव्हा ते भडकले. “उताणं पडाची शिकवनी? पैसे देऊन?” शेवटी आईने मध्ये पडून तोड काढली. धुळ्याला माझी पहिली लढत होती. आबा स्वतः बघायला येणार. जिंकलो तर क्लास चालू, हरलो तर सगळं सोडून केळीच्या बागेत. आणि मला तर ते सोडायचं नव्हतं हो. गावात मी वस्तादाचा पोरगा होतो. क्लासमध्ये पहिल्यांदा कुणीतरी मला काही येत नाही म्हणून शिकवत होतं.

धुळ्याच्या हॉलमध्ये आबा धोतर, टोपी, उपरणं आणि काखेत गुलाबी फेटा अशा थाटात पहिल्या रांगेत बसले. आमच्याकडे रीत आहे. कुस्ती झाली की हरलेल्याच्या घरच्या मोठ्या माणसाने जिंकलेल्याला फेटा बांधायचा. फेटा दोघांच्याही घरचे आणतात, कारण कोण हरेल कुणाला माहीत!

समोरचा पोरगा साक्रीकडचा, दणकट. मी त्याला पाडला. आबा उठून उभे, “शाब्बास!” पण तो खालून उठला. आबा बसले. मी पुन्हा पाडला, तो पुन्हा उठला. आबा पंचांना काहीतरी वाईट बोलले. मग त्याने माझा पाय धरला आणि मी कोसळलो. अंग आपोआप पोटाकडे वळायला लागलं. एका बाजूने सर बोंबलत होते, “उताणाच राहा!” दुसऱ्या बाजूने आबा, “पोटावर वय! पोटावर वय रे!” आमच्या बोलीत ‘वळ’चं ‘वय’ होतं.

खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. आबांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. पण मी वळलो नाही. पाठ गादीला टेकवली, त्याची मान आणि एक हात माझ्या पायांच्या कैचीत घेतला आणि जीव खाऊन दाबलं. थोड्या वेळाने तो माझ्या मांडीवर पटापट हात आपटायला लागला.

हे आबांनी बघितलंच नाही. माझी पाठ टेकली तेव्हाच ते मान खाली घालून फेटा घेऊन निघाले होते. लढतीच्या पिंजऱ्याच्या जाळीदार दारातून सरळ आत आले आणि त्या धापा टाकणाऱ्या पोराला फेटा बांधायला लागले. तो बिचारा गुपचूप बसून राहिला. इतक्यात पंचांनी माझा हात वर केला.

“ओ पंच!” आबा गरजले. “आपल्या पोराची पाठ लागली. कुस्ती गेली. आमाले खोटं जिंकनं नको!”

मी कपाळावर हात मारला. माझाच बाप मला हरवायला निघाला होता! हॉल हसून लोटपोट. अर्धा फेटा बांधलेला तो पोरगाच म्हणाला, “आबा, पाठ त्यानी लागनी, पन जीव मना चालना व्हता!” पाठ माझी लागली, पण जीव त्याचा चालला होता, म्हणे.

आबा थबकले. आमच्याकडे वाद झाला की पंच पैलवानाची पाठ बघतात, माती लागली का ते. आबांनी मला खांद्याला धरून फिरवलं, पाठ उपरण्याने पुसली, उपरणं दिव्याकडे धरलं. नुसता घाम. पुन्हा पुसली. रबरी गादीला माती येणार कुठून!

“माती नाही,” आबा पंचांना म्हणाले, जसा काही निकाल तेच देत होते. पण हात त्यांनी माझ्या पाठीवरून काढला नाही.

मग हळू विचारलं, “मी म्हनलं पोटावर वय. काहून नाही वयला?”

“वळलो असतो तर त्याने गळा धरला असता, आबा. हरलो असतो.”

आबांनी त्या पोराच्या लाल मानेकडे आणि तिरक्या फेट्याकडे बघितलं.

“मंग हितं माह्यं नको आयकत जाऊ,” ते म्हणाले.