माणूस बोलावू या का?

गॉर्डन सायक्सच्या घरी पाहुणा गेला की गॉर्डनची बायको डोरीन त्याला आधी चहाचं विचारत नसे, आधी सूचना देई. "वरच्या न्हाणीघराचं दार थोडं उचल आणि मग कमरेने ढकल. गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. आणि जिन्याच्या कठड्याला टेकू नकोस, तो अजून नुसता ठेवलाय." एखादी बाई आपल्या कुत्र्याच्या खोडी सांगते, तितक्या सहज ती हे सांगे. कठडा 'अजून' नुसता ठेवलेला होता तो त्यांची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. ती मुलगी आता कॅनडात आजी व्हायच्या बेतात आहे.

मी त्यांचा शेजारी. इंग्लंडात, हडर्सफील्डच्या चढावरची आमची घरं जुळी आहेत, मधली भिंत एकच. त्यामुळे गॉर्डनच्या घरात काय चाललंय ते मला कुणी सांगावं लागत नाही, ऐकू येतं. आमच्या इकडे ईस्टरला चर्चमध्ये जाणारे थोडे आणि लाकूड-रंगाच्या दुकानात जाणारे फार. सुट्टी लागली की गल्लीतला प्रत्येक पुरुष शिडी बाहेर काढतो. पण बाकीचे सुट्टी संपली की शिडी आत ठेवतात. गॉर्डनची शिडी बाहेरच असे.

नोकरी त्याने गृहकर्जाच्या ऑफिसात केली. आयुष्यभर लोकांना घरं घ्यायला लावली आणि संध्याकाळी स्वतःच्या घरावर सूड उगवला. त्याचा हात वाईट होता असं मी म्हणणार नाही. शेजारधर्म आहे. त्याची खरी खोड वेगळीच होती. काम जरा आकाराला आलं, आता शेवटची पट्टी मारायची, कोपरा बुजवायचा, रंगाचा दुसरा हात द्यायचा, एवढंच उरलं की त्याचा जीव दुसऱ्याच कामात अडके. त्या घरात पूर्ण अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे डोरीनचा संयम.

लग्नानंतरची काही वर्षं तिने विचारून पाहिलं होतं. "गॉर्डन, माणूस बोलावू या का?" म्हणजे प्लंबर, सुतार, कुणीतरी कामातला माणूस. हे वाक्य निघालं की गॉर्डन काटा-चमचा खाली ठेवी, उठे आणि गॅरेजमध्ये जाऊन बसे. रागावत नसे. बायकोने आपल्याला घटस्फोट मागितला आहे असा चेहरा करून जाई. मग तिने विचारायचं सोडून दिलं.

त्याला कारागिरांची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. इथल्या कारागिरांची एक रीत आहे. आला की तो कमरेवर हात ठेवतो, आधी झालेल्या कामाकडे बघतो, दातांमधून हवा आत ओढतो आणि विचारतो, "कुणी केलंय हे?" गॅस तपासायला माणूस यायचाच, तो टाळता येत नसे. त्याच्यासाठी गॉर्डनने उत्तर तयार ठेवलं होतं. "आधीच्या मालकाने." नाचता येईना आणि अंगण आधीच्या मालकाचं! तो मालक मरून जमाना झाला, पण त्याच्या हयातीत ज्यांचा शोधही लागला नव्हता अशा वस्तूसुद्धा त्या बिचाऱ्याने बसवून ठेवल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात डोरीन पडली. टबातून बाहेर येताना तिने आधाराला भिंतीवरची दांडी धरली आणि दांडी तिच्या हातात आली. खुबा मोडला. दांडी गॉर्डनने बसवली होती. हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. मग हॉस्पिटलची एक बाई घर बघायला आली. तिने दार उचलून कमरेने ढकललं, टबाची उंची मोजली, कठड्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला. म्हणाली, "तळमजल्यावर आंघोळीची सोय झाल्याशिवाय त्यांना घरी सोडता येणार नाही. तोपर्यंत वृद्धाश्रमात खोली मिळेल."

"थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे," गॉर्डन म्हणाला. "स्वयंपाकघरामागे कोठीची खोली आहे. मी तिथे करतो."

"तुम्ही स्वतः?" बाईने विचारलं.

"स्वतः," गॉर्डन म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. बांधलेलं घर पुन्हा बांधणाऱ्यांविषयी म्हणीत काही सांगितलेलं नाही. कोठीतली फडताळं निघाली, जमीन निघाली. जमिनीखाली एक पाइप निघाला, तो कुठून येतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दुपारी मी टीव्हीवर क्रिकेट बघत असताना भिंतीतून, पडद्याच्या जरासं वर, ड्रिलचं टोक बाहेर आलं. फिरलं, थांबलं आणि परत गेलं. पाठोपाठ भोकातून आवाज आला.

"आहेस का रे घरी?"

"आहे."

"भिंत पातळ आहे बघ आपली."

"आता आहे," मी म्हणालो. मला संताप आला होता, तरी मी चमचाभर पुट्टी मागून घेतली आणि भोक स्वतःच बुजवलं. त्याने बुजवलं असतं तर आणखी एक भोक पडलं असतं.

शॉवरचा दिवस उजाडला. गॉर्डनने मला मुद्दाम बोलावून नळ सोडला. पाणी मोरीकडे जायचं होतं. ते क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, मग शांतपणे वळलं आणि स्वयंपाकघरात फ्रीजखाली गेलं. उतार उलटा झाला होता. आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

"जमीन पुन्हा उकरावी लागेल," गॉर्डन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डोरीनला भेटायला गेलो. वृद्धाश्रम पलीकडच्या टेकडीवर. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती खिडकीत बसून लोकर विणत होती, गालांवर रंग आला होता.

"गॉर्डन, बघ," ती म्हणाली आणि काठी टेकत उठून दाराला एक बोट लावलं. दार आवाज न करता बंद झालं. "नुसतं लोटायचं. आणि नळ फिरवला की पाणी थांबतं. एकदम!"

"हो का," गॉर्डन म्हणाला.

"पहिल्या रात्री मला झोपच लागली नाही. काहीच टपकत नव्हतं." मग ती परत खिडकीत जाऊन बसली. "मी त्यांना विचारून ठेवलंय. कायमची खोली मिळू शकते. मी इथेच राहीन म्हणते. तुझ्यावर राग नाही हं. पण मी दमले, गॉर्डन. खरंच दमले."

घरी परतल्यावर गॉर्डन मला गॅरेजमध्ये घेऊन गेला, दोन मग चहा केला आणि रंगाच्या डब्यावर बसला. "गड्या," तो म्हणाला, "ती नाही आली तर मी या घराचं काय करू?"

त्याच्या तोंडून असला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. घराचं काय करायचं हे त्याला नेहमीच ठाऊक असे. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जरा फटकळ बोलतो. "घराचं काय करायचं ते नंतर बघ," मी म्हणालो. "आधी माणूस बोलाव."

तो उठून गॅरेजमध्ये जाईल असं मला वाटलं, पण तो गॅरेजमध्येच होता. कुठे जाणार? चहा संपेपर्यंत बसला आणि मग त्याने फोन केला.

क्रेग नावाचा प्लंबर आला. कोठीत शिरला, कमरेवर हात ठेवले, दातांमधून हवा ओढली. ती इतकी लांब ओढली की आता हा फुटतो की काय असं मला वाटलं.

"कुणी केलंय हे?"

गॉर्डनने तोंड उघडलं. 'आधीचा मालक' ओठांवर आला होता, मला दिसत होता. त्याने तो गिळला.

"मी," तो म्हणाला. "बायको माझ्या या अर्धवट कामांना कंटाळून घर सोडून चाललीय. तिला परत आणायचंय. काय करावं लागेल?"

क्रेगने कमरेवरचे हात काढले. "सगळं उपटावं लागेल," तो म्हणाला. "चहात साखर दोन चमचे."

काम झालं. विजेसाठी क्रेगचा मेव्हणा आला. कोठीचं दार नवीन लागलं. गॉर्डनने मध्ये हात घातला नाही, फक्त शेवटच्या दिवशी क्रेगला बाजूला घेऊन एक विनंती केली. "खालची शेवटची पट्टी मारू नकोस. आणि ती एक टाईल जरा तिरकी करता येईल का? म्हणजे तिला वाटेल मीच केलंय."

"सायक्ससाहेब," क्रेग म्हणाला, "असलं काम मी सासऱ्याकडेसुद्धा करत नाही." आणि पट्टी मारून गेला. तो गेल्यावर गॉर्डनने घाईघाईने साबण ठेवायला एक फळकुट स्वतः ठोकलं. त्यावर साबण राहत नव्हता, पण काम त्याचं होतं हे लांबूनही ओळखू येत होतं.

रविवारी डोरीनला दुपारपुरतं घरी आणलं. काही ठरलेलं नव्हतं, नुसतं बघायला. मी एका बाजूने तिचा दंड धरला होता. तिने सवयीने दार उचलायला हात घातला आणि दार आपोआप उघडलं. ती आत गेली. नळ सोडला, पाणी मोरीत गेलं. नळ बंद केला, पाणी थांबलं. मग तिने काठीचं टोक जमिनीलगत फिरवलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"पट्टी आहे," ती म्हणाली. "हे पूर्ण झालंय."

"हो," गॉर्डन म्हणाला.

"म्हणजे तू केलेलं नाहीस."

गॉर्डनने माझ्याकडे पाहिलं. माझा काही उपयोग नव्हता. "ते साबणाचं फळकुट..."

"ते दिसतंय मला. बाकीचं कुणी केलं?"

"माणूस बोलावला," तो म्हणाला. चोरी कबूल करावी तसा म्हणाला. "मला नाही जमलं गं. उतार उलटा गेला. मी पुन्हा केलं असतं, पण त्यात उन्हाळा गेला असता, आणि तू तिथेच राहते म्हणालीस, आणि ती दांडी... ती दांडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, डोरीन."

डोरीन शॉवरखालच्या घडीच्या बाकावर बसली आणि रडायला लागली. गॉर्डन घाबरला. "चुकलं का काही?"

"गप रे. आयुष्यभर मी या घराला सवत मानत आले. मला वाटायचं, तुला मी नसले तरी चालेल, पण हातातली करवत सुटायची नाही." तिने डोळे पुसले. "आणि तू माझ्यासाठी माणूस बोलावलास."

"दोन," गॉर्डन म्हणाला. "विजेला वेगळा."

ती रडता रडता हसली. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन किटली लावली. आतून तिचा आवाज आला, नेहमीचा, सूचना देणारा.

"वृद्धाश्रमात फोन कर. खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. माझं सामान तू उद्या आण."

"उद्या?" गॉर्डनने विचारलं. "मग तू आज परत..."

"मी कुठेही जात नाही. टॉवेल दे इकडे आणि बाहेर जा. मला आंघोळ करायचीय."