आई हार्टनं गेली, असं आम्ही सांगायचो

पाळी गेली आणि माझ्या अंगात भट्टी पेटली. मंडईतून घेतलेली वांगी कोथरूडला पोचेपर्यंत पिशवीतच भाजून निघत. घरी येऊन कांदा-कोथिंबीर घातली की भरीत तयार. सोसायटीतल्या बायकांना हे मी शपथेवर सांगितलंय आणि त्यातल्या दोघींनी तरी विश्वास ठेवलाय.

उकाड्याची अशी गोष्ट करून टाकता आली. शब्द जायला लागले, त्याची मात्र करता येईना. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी, थापांमध्ये तर स्टाफरूममध्ये मला तोड नाही. आणि एके दिवशी भर वर्गात मला 'चाळणी' आठवेना. हातानं पीठ चाळून दाखवलं, तर मुलं ओरडली, बाई, गाळणी, बाई, किसणी. सगळे हसले, मीही हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ मोठा सोडून रडले.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी सगळं नीट मांडलं. हॉर्मोनची गोळी आहे, चिकटवायची पट्टी आहे, हातावर चोळायचं जेल आहे. गर्भाशय असल्यामुळे जोडीला दुसरं हॉर्मोनही घ्यावं लागेल. रक्तात गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा जेलमध्ये कमी. झोप सुधारली तर शब्दही परततील कदाचित, म्हणाल्या. आमचे हे वहीत लिहून घेत होते, फ्रीज घ्यायला निघाल्यासारखे. माझं केव्हाच ठरलं होतं. मला ते जेल अधाशासारखं हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आई कशानं गेल्या?"

हे खुर्चीत जरा सैलावून बसले. ही गोष्ट त्यांना फार आवडते. होळीचा दिवस, तव्यावर पुरणपोळी, आईनं ती उलटली आणि उलथनं हातात धरून उभ्या उभ्या गेली. पोळी मात्र करपली नाही. कांदेपोह्यांच्या वेळी यांनी ऐकली तेव्हा गोष्टीत नुसतं हार्ट होतं. पोळी, उलथनं, तुपाचा वास, हे मी सव्वीस वर्षांत हळूहळू घातलं.

खरं एवढंच की आईच्या डाव्या छातीत गाठ होती आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली. दिवस झाल्यावर बाबांनी आम्हा दोघी बहिणींना दिवाणावर बसवलं. दोन मुली उजवायच्या आहेत, बाहेर हार्ट म्हणायचं, म्हणाले. वक्तृत्व स्पर्धेसारखी आमच्याकडून तयारी करून घेतली. ताई अडखळायची. मी पहिल्या झटक्यात म्हटलं. माझी पहिली थाप ती, आणि बाबांनी पाठ थोपटली.

'हार्टनं' म्हटलं असतं तर जेल मिळत होतं. डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"ब्रेस्ट कॅन्सर," मी म्हटलं. "सत्तेचाळिसाव्या वर्षी."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली.

डॉक्टर म्हणाल्या, नाहीच असं नाही, पण आज लिहून देणार नाही. आधी मॅमोग्राफी करू. हॉर्मोन नसलेल्या गोळ्याही आहेत. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मुलीला माहीत आहे ना हे?"

रिक्षा पौड फाट्याला लागली. तेव्हा हे म्हणाले, "पोळी तरी खरी होती का?"

मी सांगितलं. त्या होळीला आईचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पोळ्या मी लाटल्या, सगळ्या फुटल्या, पुरण तव्याला लागलं. तिनं बसल्या जागी एक खाल्ली आणि म्हणाली, छान झालीय.

"म्हणजे," हे बाहेर बघत म्हणाले, "त्या घरात थापा मारणारी तू एकटी नव्हतीस."

मग त्यांनी माझा हात धरला. घामानं निथळत होता, तरी सोडला नाही.

मॅमोग्राफी स्वच्छ आली. आता थोडं जेल घेऊन बघता येईल, तुमच्या बाबतीत धोका थोडासा जास्त, ठरवा तुम्ही, असं डॉक्टर म्हणाल्या. थोडासा म्हणजे केवढा, हे मला आईचं ड्रेसिंग बदलताना दिसलं होतं. मी दुसऱ्या गोळ्या घेतल्या. भट्टी जराशी मंदावली. शब्द अजून जातात ते जातातच. परवा 'उंबरठा' गेला, तो संध्याकाळी परत आला.

रविवारी बंगळूरला मुलीला फोन केला. आजी कशानं गेली ते सांगायचंय, म्हटलं. ती हसली.

"माहितेय गं आई. पोळी करपली नाही."

मी थांबले. शब्द सापडत नव्हता म्हणून नाही. या खेपेला तो समोरच होता.

मग म्हटला.