मालकीण

लाखनीची आत्या माहेरी आली, की घरी यायच्या आधी शेतावर जायची. आंधळगावला एसटीतून उतरायचं, कापडी पिशवी खांद्याला अडकवायची आणि पायवाटेनं सरळ आमच्या गावच्या तळ्याकडे वळायचं. तळ्याखाली आमची एक बांधी होती. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला धानाचा तुकडा, दुसरं काय! त्या धुऱ्यावरून ती एक फेरी मारायची, कुठे खेकड्यानं भोक पाडलेलं दिसलं तर चिखलाचा गोळा दाबून बुजवायची आणि मग चिखलानं भरलेल्या हातापायांनी आमच्या अंगणात उभी राहायची. आई चुलीपासूनच हाक द्यायची, "आली का मालकीण?" आम्ही पोरं खो-खो हसायचो. आत्याही हसायची. तिला तो मान वाटायचा.

बांधी खरोखरच तिच्या नावावर होती. सीलिंगचा कायदा कडक होणार, मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकार काढून घेणार, अशी सत्तरच्या दशकात आमच्याकडे हवा उठली. मग ज्याला जो सापडेल त्याच्या नावावर त्यानं जमीन चढवली. बाबांनी बक्षीसपत्र करून तळ्याखालची बांधी बहिणीला दिली. हे देणं कागदापुरतं आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जिला दिलं तिला कुणी सांगितलं नाही. बाई माणूस, कुठे बोलून बसली तर नसती पंचाईत, असा बाबांचा हिशेब. आत्या विधवा, पोटी मूल नाही, लाखनीला दिराच्या घरी राबून खायची. भावानं आपली आठवण ठेवली, आपल्याला हिस्सा दिला, असं समजून ती देवापुढे बसून रडली म्हणे.

धान निघालं की आई तिला वासाच्या चिन्नोर तांदळाचं गाठोडं बांधून द्यायची. खरं तर बहिणीला द्यायची रीत म्हणून. आत्या ते लाखनीला नेऊन शेजारपाजारच्या घरी ओंजळ ओंजळ वाटून टाकायची. "माह्या बांधीचा हाये वं. वास तर पाय!" स्वतःला किती उरायचा देव जाणे. पण दिराच्या घरातलं तिचं बोलणंचालणं बदललं होतं. मला एकदा म्हणाली, "आता दीर मले विचारून काम सांगते. आधी नुसता सांगे. जमीनवाली बाई हावो म्हटलं मी." हे सांगताना तिनं पदर असा झटकला, की मला हसू आवरेना. त्या हसण्याची आता लाज वाटते.

पुढे ऐंशीच्या दशकात बाबा दुसऱ्याच कामासाठी भंडाऱ्याच्या एका वकिलाकडे गेले होते. बोलता बोलता बांधीचा विषय निघाला. वकील म्हणाला, "बाईला मूलबाळ नाही. मृत्युपत्र न करता ती गेली, तर बक्षीस दिलेली जमीन तुमच्याकडे परत येणार नाही. नवऱ्याकडच्या वारसांना जाईल." बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मृत्युपत्र करून घ्या, असंही त्यानं सुचवलं. पण मृत्युपत्र उद्या बदलता येतं म्हटल्यावर बाबांना तेही नको झालं. जमीन उलट बक्षीस लिहून घ्यायची ठरली.

आत्याला निरोप गेला, भंडाऱ्याला काम आहे, ये. मी तेव्हा कॉलेजात होते. तिला सोबत म्हणून गेले. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस कागद वाचू लागला. आत्या मध्येच म्हणाली, "म्हंजे माही बांधी दादाले देऊन राहिली का मी?"

अर्जनवीस घाईत होता. "तुमची कुठली बाई? कागदापुरती होती तुमच्या नावावर. सीलिंगमुळे."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. "दादा, कागदापुरती?"

बाबा छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले. मीही झाडाच्या बुंध्याकडे पाहत राहिले. भांडली असती, रडली असती, तर आम्हाला बरं वाटलं असतं. तिनं काही केलं नाही. आत साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देता ना? ती "हो" म्हणाली आणि अंगठा उठवला. बाहेर आल्यावर पदरानं शाई पुसत मला हळूच म्हणाली, "गावभर माही बांधी, माही बांधी करत फिरली मी. लोकं काय म्हनत असतीन वं? अन् दादानं नुसतं मांगतलं असतं, तरी देली असती न." शरमेनं तिचं तोंड एवढंसं झालं होतं. लाज आम्हाला वाटायला हवी होती, आणि मान खाली घालून चालत होती ती!

त्या वर्षी धान निघाल्यावर ती आली, ती बसमधून उतरून सरळ घरी. पाय स्वच्छ. अंगणात उभी राहून विचारलं, "येऊ का?" आईच्या ओठावर नेहमीची हाक आली होती, ती तिथंच राहिली. जाताना बाबांनी स्वतः गाठोडं बांधलं, नेहमीपेक्षा मोठं. आत्यानं ते सोडलं, मूठभर तांदूळ पदरात घेतले आणि बाकीचे परत सुपात ओतले. "माहेरचे म्हनून एवढे पुरे हायेत, दादा." बाबा तिला पोचवायला निघाले, मागोमाग मी. तळ्याजवळ बाबा थांबले आणि कसंबसं म्हणाले, "सरू, धुरा तं पाहून घे." ती थांबली नाही. "तुमचा हाये, तुमी पाहानच," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून पुढे गेली.

ती पुन्हा फारशी आली नाही. एका हिवाळ्यात लाखनीलाच वारली. आता बाबाही नाहीत.

बांधी तिच्या नावावर होती तोवर आम्ही तिला तळ्याखालची बांधी म्हणत असू. आत्यानं ती परत दिल्यावर घरात बांधीचं नाव कधी आणि कसं बदललं, मला सांगता येणार नाही. बाबाच आधी म्हणू लागले असावेत. आजही माहेरी गेले, की भावाची सून गड्याला सांगताना ऐकू येते, "आत्याच्या बांधीत पानी सोड." तिनं तर आत्याला पाहिलंही नाही. मी मात्र तेव्हा त्या सुनेकडे पाहू शकत नाही.