जया गर्जेची खोटी कंट्रोल रूम

भिंगारच्या बाजारात राधाकृष्ण शेठचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं जया गर्जे अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. वाढदिवसाचे शुभेच्छुक, दशक्रियेचे फोटो, यात्रेतल्या कुस्त्यांचे बोर्ड, सगळं तिच्या हातून जायचं. पुढाऱ्याच्या डोक्यामागं सूर्य उगवायचा असो की शेजारी वाघ उभा करायचा असो, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत जया ते करून दाखवायची.

मूळची ती पाथर्डीकडची. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जायचे आणि जया वसतिगृहात राहायची. तिथं रविवारी टीव्ही लावायचे. पिक्चरमधला खलनायक गर्रकन खुर्ची फिरवायचा, समोर भिंतभर पडदा, त्यावर लाल अक्षरं धडाधड पळायची, पृथ्वीचा गोळा फिरायचा आणि कॉम्प्युटर बाईच्या आवाजात बोलायचा. बाकीच्या पोरी हिरोकडं बघायच्या, जया त्या पडद्याकडं. दहावीनंतर ती पाथर्डीत क्लासला गेली आणि पहिल्यांदा खऱ्या कॉम्प्युटरपुढं बसली. बघते तर काय, पांढरं पान आणि त्यावर उघडझाप करणारी एक रेघ!

"सर, ह्यो बोलत न्हाई व्हय?" तिनं विचारलं. अख्खा वर्ग खो खो हसला.

जया हिरमुसली, पण ते खूळ काही डोक्यातून गेलं नाही. फ्लेक्सच्या दुकानात काम नसलं की ती आपल्या हौसेनं तसले पडदे बनवत बसायची. फिरणारी चक्रं, पळणारे आकडे, लुकलुकणारे नकाशे. राधाकृष्ण शेठ मान हलवायचे. "अगं, हे कुणाच्या बारशाला लावायचं?"

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला एका वेब सिरीजचं युनिट भिंगारला आलं. रिकाम्या गोदामात त्यांनी पोलिसांची कंट्रोल रूम उभारली होती. दिग्दर्शिका होती निकिता, मुंबईची, तिशीतली, तोंडानं फटकळ. दारावर लावायच्या पाट्या छापून घ्यायला ती स्वतःच दुकानात आली आणि तिथंच तिला फोन आला. पडद्यांवरची चित्रं करून देणारा माणूस डेंग्यूनं दवाखान्यात पडला होता आणि त्याचं काम अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं.

"परवा शूटिंग आहे! सहा टीव्ही भिंतीला लावलेत. त्यात काय, माझं थोबाड दाखवू?" निकिता फोनवर ओरडली आणि मटकन स्टुलावर बसली.

जयानं पाट्यांची फाईल बंद केली आणि आपली हौसेची फाईल उघडली.

"मॅडम, हे बघता का जरा?"

निकितानं बघितलं. मग स्टूल पुढं ओढून परत बघितलं.

त्याच संध्याकाळी जयाचे पडदे गोदामातल्या सहाही टीव्हींवर झळकले. चक्रं फिरत होती, आकडे कोसळत होते, मधोमध भलीमोठी अक्षरं आली, 'लक्ष्य सापडले'. पोरं शिट्ट्या मारायला लागली. निकितानं मात्र हात वर करून त्यांना थांबवलं.

"जयाताई, दिसतंय झकास. पण गोष्ट अशी आहे की हरवलेली मुलगी या क्षणाला सापडते. ते मला इथं कुठंच जाणवत नाही. लोक जेवताजेवता मोबाईलवर बघतात. कोण वाचत बसणार?"

जयाला ते लागलं. पण बाई बोलली ते खोटं नव्हतं, हेही तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. मनकर्णाबाई तेव्हा सांगलीकडं उसाच्या फडात होत्या, जेवायची वेळ होती. त्यांना अक्षरओळख नाही. जयानं मोबाईल पडद्यापुढं धरला.

"लई झ्याक हाय," आई म्हणाली. "लगीनघरावानी. पर हाय काय त्ये?"

जयानं फोन ठेवला आणि रात्रंदिवस करून जमवलेली चक्रं एकामागून एक पुसून टाकली. अक्षरं काढली, आकडे काढले. राहिला एक काळाशार नकाशा आणि त्यावर रस्त्यांच्या करड्या रेघा, झाडाच्या फांद्या पसराव्यात तशा. त्यावर शेकडो निळे ठिपके. एकच ठिपका पिवळा, एका कोपऱ्यात, घाबराघुबरा लुकलुकणारा. मग मधून एक लाल रिंगण निघतं, पसरत जातं, प्रत्येक ठिपक्याशी थबकतं, पुढं सरकतं. पिवळ्याला ओलांडून जातं की काय असं वाटतं, आणि तेवढ्यात माघारी वळतं. ठिपका हिरवा होतो, लुकलुकायचा थांबतो, आणि त्याचा उजेड सहाही पडद्यांवर सांडतो.

सूर्य कलायच्या आत तिनं पुन्हा कॉल लावला. या वेळी काहीच सांगितलं नाही. आई घामेजल्या तोंडानं बघत राहिली. शेजारच्या दोघीतिघी वाकून बघायला लागल्या.

"आरं, हुकलं, हुकलं..." आई पुटपुटली. मग एकदम ओरडली, "गावली! आगं, पोरगी गावली की!"

"पोरगी हाय म्हून तुला कुनी सांगितलं?" जयानं विचारलं.

"सांगाया कशाला पायजे? कोन तरी लेकरू हाय, भ्यालंय. दिसतंय की!"

जयाच्या डोळ्यांपुढचा पडदा पाण्यानं डबडबला.

शूटिंगच्या दिवशी गोदामात नुसती झुंबड होती. पडद्यांवर कॅमेऱ्यात काळे पट्टे धावत होते, ते जयानं सेटिंग बदलून घालवले. इन्स्पेक्टर झालेला अमृत नावाचा नट आडदांड आणि दमदार आवाजाचा, पण टाइप करत बोलायचं म्हटलं की अडखळायचा. जयानं अशी सोय करून ठेवली होती की तो कुठलंही बटण दाबो, पडद्यावर बरोबर तेच उमटावं.

"म्हणजे मी तबला वाजवला तरी चालेल?" त्यानं विचारलं.

"वाजवा खुशाल," जया म्हणाली.

खरी अडचण वेगळीच निघाली. निकिताला सगळा प्रसंग एका दमात हवा होता, मधे कुठं न तोडता. 'ती जिवंत आहे' हे अमृतनं म्हणायला आणि ठिपका हिरवा व्हायला एकच गाठ पडायला हवी. अमृत मात्र कधी घाईनं बोलायचा, कधी थांबून. पाच वेळा प्रयत्न झाला, पाचही वेळा ठिपका एक तर आधी हिरवा व्हायचा, नाही तर मागाहून. ऊन उतरायला लागलं. निकिता घड्याळाकडं बघायला लागली.

जयानं पदर खोचला. "मॅडम, वेळ लावून ठेवलेली काढून टाकते. मी स्वतः बटण दाबायला बसते."

"कुठं बसणार? सगळीकडं कॅमेरा फिरतोय."

"टेबलाखाली."

मांडीवर कीबोर्ड घेऊन ती अमृतच्या बुटांशेजारी अंग चोरून बसली. वरचं तिला काही दिसत नव्हतं. ती त्याचा श्वास ऐकत होती. बटणांचा खडखडाट झाला, थांबला. अमृतनं आवंढा गिळला. जयानं बोट टेकवलं.

"ती..." तो म्हणाला आणि थांबला. जयाचं बोटही थांबलं.

"...जिवंत आहे."

टेबलाच्या फटीतून हिरवा उजेड तिच्या पायांवर आला. निकिता 'कट' म्हणायचंच विसरली. आधी टाळ्या वाजवल्या त्या लाइटवाल्यांनी, मग साऱ्यांनी. निकितानं हात धरून तिला बाहेर ओढलं आणि केसांना जळमटं लागलेल्या जयाला सगळ्यांदेखत घट्ट मिठी मारली.

सिरीज आली तेव्हा श्रेयनामावलीत एक अख्खी पाटी होती: 'पडद्यांची रचना – जया गर्जे'. आठच दिवसांत एक निवृत्त सुभेदार दुकानाची पायरी चढले.

"ते माणूस शोधायचं सॉफ्टवेअर आमच्या सोसायटीला बसवून द्या."

"साहेब, ते नुसतं चित्र आहे. त्याच्यामागं काही नाही."

"सरकारी गुपित असेल, तर तसं सांगा," सुभेदार डोळे मिचकावून म्हणाले. जयानं परोपरीनं सांगितलं, पण त्यांना काही ते पटलं नाही.

राधाकृष्ण शेठनं मागची खोली रिकामी करून दिली. दवाखान्याच्या मालिकेतली मशिनं, बँकेची तिजोरी, पाणबुडी अशी कामं पुण्या-मुंबईहून येत गेली. वसतिगृहातल्या दोन मुली आता जयाच्या हाताखाली शिकून तयार झाल्या आहेत.

यंदा तिच्याकडं अंतराळयान आलं. निर्मात्याचा आग्रह होता, यानातली सगळी अक्षरं इंग्रजीतच हवीत.

"यान उडतंय कुठनं?" जयानं विचारलं.

"गोष्टीत? आपल्याच मुलखातनं."

"मग चालवणाऱ्यांना मराठी येत असंल की."

निर्माता हसला, रागावला, दोन दिवस रुसून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, करून तरी दाखवा. जयानं करून दाखवलं. काळ्या पडद्यावर एकेक दिवा लागत गेला, 'इंधन', 'दाब', 'उंची', आणि साठ माणसांचं युनिट आपसूक आकडे मोजायला लागलं. तीन. दोन. एक. पडदा पांढराफटक झाला आणि त्यावर एकच शब्द उमटला.

'सुटलं!'