तेविसाचा पाढा

सुनीतीबाईंच्या पोटातून निघालेलं पाणी न्यायला मी दर सोमवारी सकाळी सदाशिव पेठेत जायचे. "आलं का माझ्या सांडपाण्याचं गिऱ्हाईक!" असं स्वागत व्हायचं.

मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून बाई घरीच डायलिसिस करत. नळीतून पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी ते रक्तातली घाण घेऊन पिशवीत उतरवायचं, दिवसातून चार वेळा. त्या पाण्याबरोबर पोटाच्या अस्तरातल्या थोड्या पेशीही सुटून येतात. त्यांना किती दाह झालाय, हे मी आमच्या प्रयोगशाळेत तपासायचे. दाह वाढत गेला की अस्तर जाड होतं, गाळायचं थांबतं. मग आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मशीनला जोडून घ्यावं लागतं. बाईंना ते शक्यच नव्हतं. अर्धांगवायू झालेले त्यांचे यजमान, श्रीनिवासकाका, फक्त त्यांच्याच हातून जेवायचे.

पाणी गढूळ आलं, की पोटात जंतुसंसर्ग झाला असं समजायचं. ओळखायची युक्ती सोपी. पिशवीखाली छापील कागद ठेवायचा. अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंनी पाढ्यांचं पुस्तक ठेवलं. ते वाचायला त्यांना डोळ्यांची गरजच नाही, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या सोमवारी पिशवीतलं पाणी मला ताकासारखं दिसलं.

"बाई, हे गढूळ आहे."

"चष्मा पूस तुझा." त्या पिशवीवर वाकल्या आणि घडाघडा वाचू लागल्या, "तेवीस सक अडतीसासे, तेवीस सत्ते एकसष्टासे..."

मी पिशवी उचलली. खाली सत्ताविसाचा पाढा होता.

माझं डोकंच फिरलं. "बाई, वर्गात कोणी असं केलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"बाकावर उभं केलं असतं." मग त्यांचा आवाज उतरला. "शनिवारपासून अक्षरं दिसत नाहीयेत गं, स्पृहा. पोटही दुखतंय. पण बोलले असते, तर ॲडमिट केलं असतं. ह्यांना कोणी भरवायचं?"

"मी भरवीन," मी बोलून गेले. आयुष्यात कधी कुणाला घास भरवला नव्हता.

बाईंना ॲडमिट केलं. इकडे काकांनी पहिल्या दिवशी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशी घास माझ्या ओढणीवर थुंकला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी वाटीभर मऊ भात निमूट खाल्ला.

मी धावतच हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की औषध लागू पडलंय, अस्तर शाबूत आहे, घरचं डायलिसिस चालू ठेवता येईल. बाई त्यावर नुसत्या "हं" म्हणाल्या होत्या.

"बाई, काका जेवले! अख्खी वाटी!"

"तुझ्या हातून?"

"हो!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड फिरवून हमसून हमसून रडल्या.